पत्ता नसलेली शाखा

भूशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात पहिल्याच प्रकरणात शाखांची यादी असते. खनिजविज्ञान, शिलाविज्ञान, स्तरविज्ञान, पुराजीवविज्ञान, संरचनात्मक भूविज्ञान, भूरूपविज्ञान, भूभौतिकी. आणि ‘इत्यादी’ यायच्या जरासं आधी, भूरसायनशास्त्र. प्रत्येकीपुढे एका ओळीची व्याख्या. यादी पाठ करताना तिच्यात काही खटकण्यासारखं वाटत नाही. प्रयोगशाळेत दिवस जायला लागले की मात्र खटकायला लागतं. निदान मला तरी लागलं, आणि अजून खटकतं.

बाकी प्रत्येकाकडे दाखवायला एक वस्तू आहे. पुराजीववाला खिशातून शिंपला काढून टेबलावर ठेवतो. खनिजवाला स्फटिक उजेडात धरून फिरवतो. संरचनावाला कड्याकडे बोट करून म्हणतो, ती घडी बघा. भूरसायनवाल्याकडे काय असतं? झाकणावर नंबर घातलेली राखाडी पुडीची डबी आणि आकड्यांचा तक्ता. खडक त्याचे नाहीत, ते शिलाविज्ञानाचे. पाणी भूजलवाल्यांचं. समुद्र सागरशास्त्राचा, अशनी ग्रहविज्ञानाचे. स्वतःचं म्हणावं असं त्याच्याकडे फक्त प्रश्न आहेत: हे मूलद्रव्य इथे का आहे, इतकंच का आहे, आणि पलीकडे का नाही?

म्हणून मला ही शाखा यादीत बसवणंच चुकीचं वाटतं. शाखा म्हणजे वाटणी: हा तुकडा तुझा, तो माझा. भूरसायनशास्त्राच्या वाट्याला तुकडा आलाच नाही, आणि त्यामुळेच त्याला सगळ्यांच्या हद्दीत शिरायची मुभा मिळाली. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्या लेखी आम्ही सेवा विभाग आहोत: नमुने पाठवले की पंधरवड्यानं आकडे येतात, तेवढ्यापुरते. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. त्याकडे पुढे येतो.

‘भूरसायनशास्त्र’ हे नाव १८३८ साली बाझेलच्या क्रिस्टियान श्योनबाइन यांनी वापरलं. ओझोन शोधून काढणारे रसायनतज्ज्ञ ते हेच. नाव लवकर मिळालं, काम मात्र रेंगाळलं, कारण सुरुवातीचं काम म्हणजे शुद्ध हमाली होती. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत फ्रँक क्लार्क १८८३ पासून चार दशकं मुख्य रसायनतज्ज्ञ होते. जगात जिथून मिळतील तिथून खडकांची विश्लेषणं गोळा करायची, संशयास्पद वाटतील ती बाजूला टाकायची आणि उरलेल्यांची सरासरी काढायची, हा त्यांचा उद्योग. १९२४ साली हेन्री वॉशिंग्टन यांच्यासोबत त्यांनी ५,१५९ अग्निजन्य खडकांच्या विश्लेषणांवरून भूकवचाची सरासरी मांडली. त्या काळी एका खडकाचं पूर्ण विश्लेषण म्हणजे गाळणं, जाळणं, वजन करणं असं कित्येक दिवसांचं काम असे. तसे ५,१५९!

त्या सरासरीतून जे निघालं ते आजही मोठ्या फरकानं बदललेलं नाही. वजनानं भूकवचाचा ४६ टक्क्यांच्या आसपास भाग ऑक्सिजन, २८ टक्के सिलिकॉन, ८ टक्के ॲल्युमिनियम, ५ टक्के लोह. त्यात कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम मिळवलं की ९८ टक्क्यांच्या वर हिशेब संपतो. आकारमानानं बघायचं तर चित्र आणखी चमत्कारिक होतं, कारण ऑक्सिजनचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, मोठा आणि बाकीचे बहुतेक लहान. ज्याला आपण टणक जमीन म्हणतो ती नव्वद टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनच आहे, बाकीचे त्याच्या फटींतून बसलेले. आणि तांबं, जस्त, कथील, चांदी, सोनं, युरेनियम, ज्यांच्यासाठी माणसानं डोंगर पोखरले आणि लढाया केल्या, ती सगळी मिळून उरलेल्या दीड-दोन टक्क्यांत कुठेतरी.

पण सरासरी काढली म्हणजे काही समजलं असं होत नाही. रुबिडियम भूकवचात तांब्यापेक्षा मुबलक आहे. तरी तांब्याच्या खाणी आहेत, रुबिडियमची स्वतंत्र खाण म्हणावी तशी नाही. असं का? याचं उत्तर ज्यानं दिलं त्या माणसाला मी या विषयाचा खरा बाप मानतो: व्हिक्टर गोल्डश्मिट. १८८८ साली झुरिचमध्ये जन्म, वाढला नॉर्वेत. मूलद्रव्यं कुठे जातात हे त्यांच्या नशिबावर अवलंबून नसून त्यांच्या आयनाच्या आकारावर आणि विद्युतभारावर असतं, असं त्यांनी दाखवलं. शिलारस थंड होताना स्फटिक वाढत असतो. त्याच्या जाळीत ठराविक मापाच्या जागा असतात. रुबिडियमचा आयन पोटॅशियमच्या मापाच्या जवळपासचा आणि भारही तोच, म्हणून तो पोटॅशियमच्या जागेवर गुपचूप बसतो आणि फेल्डस्पार, अभ्रकांत विखरून जातो. निकेल मॅग्नेशियमच्या जागी ऑलिव्हिनमध्ये शिरतं. गॅलियम ॲल्युमिनियमच्या आड लपतं. ज्याला कुणाचीच जागा बसत नाही, ते शेवटपर्यंत शिलारसात राहतं आणि अखेरच्या थेंबांत साठत जातं. खनिजांचे साठे बरेचदा अशा बेघरांतूनच तयार होतात.

त्यांनी मूलद्रव्यांचे कळपही पाडले. लोखंडाची संगत धरणारी, गंधकाच्या मागे जाणारी, सिलिकेट म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या खडकात रमणारी आणि वातावरणात उडून जाणारी. पृथ्वी लहान आणि बरीचशी वितळलेली असताना लोखंड जड म्हणून गाभ्याकडे बुडालं, तेव्हा त्याची संगत धरणारं सोनं, प्लॅटिनम, इरिडियमही त्याच्याबरोबर खाली गेलं. पृथ्वीवर सोनं कमी नाही, ते आपल्या पायाखाली सुमारे २,९०० किलोमीटरच्या पलीकडे आहे. एवढा हिशेब मांडणाऱ्या या माणसाचं स्वतःचं आयुष्य मात्र कुठल्याच हिशेबात बसलं नाही. ज्यू म्हणून १९३५ मध्ये गॉटिंगेन सोडावं लागलं. १९४२ मध्ये नॉर्वेत अटक झाली, छळछावणीकडे निघालेल्या जहाजाच्या धक्क्यावरून ऐनवेळी परत आणलं गेलं, मग स्वीडन, मग ब्रिटन. १९४७ साली ओस्लोत ते गेले तेव्हा त्यांचा मोठा ग्रंथ अपुराच होता.

आता त्या राखाडी पुडीच्या डबीकडे वळतो, कारण या विषयातलं बरंचसं पावित्र्य आणि बरंचसं पाप तिथेच घडतं.

नमुना येतो तेव्हा तो खडक असतो. आधी त्याची हवेनं खाल्लेली साल हातोड्यानं काढून टाकायची. मग जबड्याच्या क्रशरमधून तुकडे, मग चक्कीत पूड. चक्की कशाची आहे हे आधी विचारायचं. टंगस्टन कार्बाइडची असेल तर काम झटपट होतं, पण पुडीत टंगस्टन आणि कोबाल्ट मिसळतं. ती दोन मूलद्रव्यं हवी असतील तर अकीकाच्या भांड्यात घासत बसा. दोन नमुन्यांच्या मध्ये स्वच्छ क्वार्ट्झची वाळू दळून चक्की धुवायची, नाहीतर आधीच्याचा अंश पुढच्यात. काळा बेसाल्ट, गुलाबी ग्रॅनाइट, हिरवट शिस्ट, कुणीही येवो, चक्कीतून बाहेर पडताना सगळे जवळपास एकाच रंगाचे. डोळ्यांनी जे जे ओळखता येत होतं ते आपण स्वतःच्या हातानं पुसून टाकलेलं असतं. शिलाविज्ञानातल्या माणसाला हे बघवत नाही, आणि त्याचं दुःख मला कळतं.

मग आम्ल. साध्या आम्लांना सिलिकेट जुमानत नाही, हायड्रोफ्लोरिक लागतं. ते काचही खातं आणि हाडापर्यंत जातं, म्हणून भांडी टेफ्लॉनची आणि हातमोजे दुहेरी. तापत्या पाटीवर बंद भांड्यात पूड विरघळत राहते आणि एक दिवस द्राव नितळ दिसतो. इथेच सावध राहावं लागतं. भांडं तिरकं करून उजेडात पाहिलं तर तळाशी कधी कधी कणी दिसते, इतकी बारीक की डोळ्यांचा भास वाटावा. तो झिरकॉन, झिरकोनियमचं खनिज. तो या आम्लालाही सहसा दाद देत नाही. तो तळाशी राहिला तर बाकी सगळे आकडे बरोबर येतात, बेरीजही जुळते, फक्त झिरकोनियम आणि हाफ्नियम कमी भरतात, आणि त्या दोन आकड्यांवर कुणीतरी शिलारसाच्या उगमाचा सिद्धांत उभा करून बसतो. म्हणून असे खडक लिथियमच्या क्षाराबरोबर वितळवून काचेसारखे करून घ्यायचे.

आणि प्रत्येक खेपेला एक रिकामं भांडं. त्यात खडक नाही, बाकी सगळं तेच: तेच आम्ल, तेच तापवणं, तेच पाणी. त्याला कोरा नमुना म्हणतात. काही नसताना यंत्र किती दाखवतं, ते त्यावरून कळतं. नवख्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला तर वाटतं, या शास्त्रातली सगळ्यात मोठी गोष्ट कोऱ्या नमुन्यातूनच निघाली.

क्लेअर पॅटरसन १९४० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात विद्यार्थी होता. युरेनियम सावकाश शिशात बदलतं, तेव्हा खनिजातलं युरेनियम आणि शिसं मोजलं की वय निघतं, हे ठाऊक झालेलं होतं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे ४.४७ अब्ज वर्षं, युरेनियम-२३५ चं सुमारे ०.७ अब्ज. दोन घड्याळं, दोन वेगवेगळ्या गतींची, एकाच दाण्यात. सहकारी जॉर्ज टिल्टनकडे झिरकॉनमधलं युरेनियम आणि याच्याकडे शिसं. टिल्टनचे आकडे सरळ येत. पॅटरसनचे येत नव्हते, शिसं भलतंच जास्त. पाण्यातून येत होतं, आम्लातून येत होतं, काचेतून, धुळीतून, कपड्यांवरून, केसांतून येत होतं. कोऱ्या भांड्यातसुद्धा शिसं होतं. दुसऱ्या कुणी तेवढा आकडा वजा करून काम उरकलं असतं. यानं ते सगळं शिसं हाकलून लावायचं ठरवलं. पुढे कॅलिफोर्नियाच्या कॅलटेकमध्ये त्यानं जी प्रयोगशाळा उभारली ती आजच्या अतिस्वच्छ प्रयोगशाळांची आजी: गाळलेली हवा, पुन्हापुन्हा शुद्ध केलेली आम्लं, अंगभर झाकणारे कपडे.

पृथ्वीचं वय पृथ्वीच्या खडकातून काढणं अवघड, कारण पृथ्वी सतत स्वतःला खोडत असते. म्हणून त्यानं अशनी घेतले. ॲरिझोनातल्या प्रसिद्ध विवराचा कर्ता जो लोखंडी अशनी, कॅन्यन डायब्लो, त्यात ट्रॉइलाइट नावाचं लोह-गंधकाचं खनिज असतं. गोल्डश्मिटचे कळप इथे आठवावेत. शिसं गंधकाच्या मागे जातं, युरेनियम सिलिकेटमध्ये रमतं. म्हणजे ट्रॉइलाइटमध्ये शिसं आहे आणि युरेनियम जवळजवळ नाहीच. त्यातलं शिसं सूर्यमाला जन्मली तेव्हा जसं होतं तसंच गोठून राहिलेलं, त्यात नवी भर पडलेली नाही. ही झाली सुरुवातीची रेघ. दगडी अशनींत युरेनियम असल्यानं शिसं बदलत गेलेलं. दोन्ही आलेखावर मांडले की बिंदू एका सरळ रेषेवर येतात आणि रेषेचा उतार वय सांगतो. समुद्राच्या तळाच्या गाळातलं शिसं, म्हणजे पृथ्वीची आपसूक झालेली सरासरी, तेही त्याच रेषेवर. १९५६ साली त्यानं आकडा छापला: ४.५५ अब्ज वर्षं, चूकभूल ०.०७ अब्ज. त्यानंतर यंत्रं कुठल्या कुठे गेली, आकडा फारसा हललेला नाही.

कुणीही इथे थांबलं असतं. पॅटरसनला मात्र त्या कोऱ्या भांड्यानं सोडलं नाही. एवढं शिसं आलं कुठून? त्यानं समुद्राचं पाणी तपासलं, तर वरच्या थरात शिसं खोल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे ते वरून पडत होतं, आणि अलीकडेच. मग ग्रीनलंडचा बर्फ, वर्षावर्षाचे थर, आणि विसाव्या शतकाकडे येताना चढत जाणारा शिशाचा आकडा. १९२० च्या दशकापासून इंजिनाची खडखड थांबवायला पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळत होते. १९६५ साली त्यानं लिहून टाकलं की माणसाच्या शरीरातलं आजचं शिसं ‘नेहमीचं’ असलं तरी नैसर्गिक नाही. उद्योगाचे तज्ज्ञ तुटून पडले, संशोधनाला मिळणारे काही पैसे आटले. तो चिवट निघाला. देशोदेशी बंदी येत गेली, आणि २०२१ मध्ये अल्जीरियात शेवटचा साठा संपला तेव्हा वाहनांच्या पेट्रोलमधलं शिसं जगातून गेलं. पृथ्वीचं वय आणि मुलांच्या रक्तातलं विष, दोन्ही एकाच भांड्यातून. हे काम भूशास्त्राच्या कुठल्या शाखेत टाकायचं ते यादीवाल्यांनी सांगावं.

इरिडियमची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. इटलीत ग्युब्बिओजवळ चुनखडकांच्या थरांत सेंटीमीटरभर चिकणमातीचा पट्टा आहे. डायनासोर संपले त्या वेळचा. भूशास्त्रज्ञ वॉल्टर आल्व्हारेझ यांना साधा प्रश्न होता: ही माती साचायला किती वर्षं लागली? अवकाशातली धूळ सतत बारीक पडत असते, तिच्यात इरिडियम असतं, तेव्हा मातीतलं इरिडियम मोजलं की वेळ कळेल, ही त्यांचे वडील, भौतिकशास्त्रज्ञ लुईस यांची कल्पना. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी मोजलं तर इरिडियम आजूबाजूच्या तुलनेत तीसपट निघालं, डेन्मार्कच्या तशाच थरात १६० पट. घड्याळ म्हणून ते निकामी ठरलं आणि १९८० साली अशनीपाताचा सिद्धांत मांडला गेला. पृथ्वीचं इरिडियम गाभ्यात बुडालेलं, मग कवचावर एवढं येणार कुठून, वरूनच. (दख्खनच्या लाव्हांचा त्या संहारात वाटा किती, हा वाद मिटलेला नाही, पण त्या वादातही दोन्ही बाजू पारा, ऑस्मियम, आर्गॉन यांचे आकडे घेऊनच भांडतात.) मला यात मोलाचं वाटतं ते वेगळंच: तो पट्टा डोंगरात जाऊन, सूक्ष्मजीवाश्म भिंगाखाली बघत, स्तर मोजत कुणी शोधला नसता तर प्रयोगशाळेत मोजायला काहीच नव्हतं.

चंद्राबाबतीत उलटं झालं. तिथे फिरायला भूशास्त्रज्ञ जवळजवळ कुणीच नव्हता, हाताशी होते थोडे दगड. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं एकमेकांसारखी वागतात, आकार मात्र क्रमानं लहान होत जातो, म्हणून त्यांच्या प्रमाणांचा आलेख साधारण सलग येतो. त्यात एकटं युरोपियम फितूर. ऑक्सिजन कमी असेल तिथे ते तीनऐवजी दोन भार घेतं आणि कॅल्शियमच्या जागी प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारमध्ये जाऊन बसतं. अपोलो ११ नं आणलेल्या काळ्या बेसाल्टांत युरोपियमच्या ठिकाणी खड्डा होता. चंद्राच्या उजळ उंच भागांतल्या खडकांत त्याच जागी उंचवटा. म्हणजे बेसाल्ट जिथून वितळून आला तिथलं युरोपियम आधीच कुणीतरी उचलून नेलं होतं. यातून, आणि त्या मातीत सापडलेल्या प्लॅजिओक्लेजच्या पांढऱ्या तुकड्यांतून, चित्र उभं राहिलं ते वितळलेल्या शिलारसाच्या समुद्राचं, ज्यावर हलकं प्लॅजिओक्लेज तरंगत वर आलं आणि चंद्राचं कवच झालं. २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या प्रज्ञान बग्गीनं दक्षिण ध्रुवाकडच्या मातीतली मूलद्रव्यं जागेवरच मोजली, तीही याच चित्राला धरून निघाली. एका मूलद्रव्याच्या आलेखातल्या खड्ड्यावर अख्ख्या चंद्राचं बालपण! मला हे वाचताना पहिल्यांदा आलेला संशय आठवतो, की एवढ्याशा पुराव्यावर एवढं मोठं विधान? संशय रास्तच होता. पण पुरावे येत राहिले.

ओक्लोची हकिकत तर कुणी कल्पून लिहिली असती तर खोटी वाटली असती. १९७२ साली फ्रान्समधल्या पिएरलात इथल्या युरेनियमच्या कारखान्यात आफ्रिकेतल्या गॅबॉनच्या ओक्लो खाणीतलं युरेनियम नेहमीप्रमाणे तपासताना युरेनियम-२३५ चं प्रमाण ०.७२०२ टक्क्यांऐवजी ०.७१७१ भरलं. दशांशचिन्हानंतर तिसऱ्या घरातला फरक. कुणीही यंत्राच्या माथी मारून मोकळा झाला असता. पण हे प्रमाण सगळ्या खाणींत सारखंच असतं, आणि बॉम्बला लागणाऱ्या पदार्थाचा हिशेब असल्यानं चौकशी झालीच. खाणीतल्या काही नमुन्यांत तर तूट याहून कितीतरी मोठी निघाली, आणि निओडिमियमच्या समस्थानिकांनी (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंनी) निकाल दिला: तिथे अणुविखंडन झालेलं होतं. सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी, आपोआप. तेव्हा युरेनियम-२३५ नैसर्गिक युरेनियमच्या तीन टक्क्यांच्या घरात होतं, भूजल मुरत होतं, ते न्यूट्रॉनांचा वेग कमी करायचं, अणुभट्टी तापायची, पाण्याची वाफ व्हायची, भट्टी थंडावायची, पुन्हा पाणी यायचं.

पण युरेनियम एवढं एका जागी जमलंच कसं? ऑक्सिजन असलेल्या पाण्यात युरेनियम विरघळतं आणि वाहत जातं. ऑक्सिजन संपला की जागच्या जागी बसतं. सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वीच्या आधी हवेत ऑक्सिजन नगण्य होता. दक्षिण आफ्रिकेतल्या त्याहून जुन्या नदीगाळात युरेनिनाइट या युरेनियमच्या खनिजाचे गोलसर दाणे मिळतात, जे आजच्या नदीत सहसा टिकणार नाहीत. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्मजीवांनी हवा बदलली, मग पाणी युरेनियम वाहू लागलं, मग ते सेंद्रिय पदार्थ असलेल्या थरात अडकून साठलं. जिवाणूंनी हवा बदलली नसती तर ओक्लोची भट्टी पेटली नसती. यात जीवशास्त्र कुठे संपलं आणि भूशास्त्र कुठे सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. व्लादिमिर व्हर्नाद्स्की हे रशियन शास्त्रज्ञ १९२० च्या दशकातच म्हणत होते की सजीव ही स्वतःच एक भूवैज्ञानिक शक्ती आहे.

रसायनतज्ज्ञ हॅरल्ड युरी यांचा बेलेम्नाइट (माखळीचा नामशेष झालेला समुद्री नातलग) इथे एका ओळीत तरी यायलाच हवा. ऑक्सिजनच्या दोन समस्थानिकांचं प्राण्याच्या कवचातलं प्रमाण पाण्याच्या तापमानाप्रमाणे बदलतं, या आधारावर त्यांच्या गटानं ज्युरासिक काळातल्या एका जीवाश्माचे वाढीचे थर एकेक करून तपासले आणि १९५१ साली जाहीर केलं की हा प्राणी मोठा झाल्यावर तीन उन्हाळे आणि चार हिवाळे जगला. पुराजीववाल्याच्या खिशातल्या शिंपल्यात ऋतू होते.

आता सेवा विभागाच्या आरोपाकडे. त्यात तथ्य आहे म्हणालो, कारण आकड्यांची नशा फार वाईट. १९७३ साली पिअर्स आणि कॅन यांनी टायटॅनियम, झिरकोनियम, यिट्रियम यांच्या त्रिकोणी आलेखावर दाखवलं की वेगवेगळ्या भूपट्ट-परिस्थितींतले बेसाल्ट वेगवेगळ्या जागी पडतात. मोलाचं काम होतं. पण नंतर ते दळण झालं. बारा नमुने घ्या, ठिपके टाका, ठिपके ‘ज्वालामुखी कमान’ लिहिलेल्या कप्प्यात पडले की निष्कर्ष छापा. खडक लाव्हा होता की आत शिरलेली भित्ती, तो किती रूपांतरित झालाय, पाण्यानं त्यातलं काय धुऊन नेलंय, हे प्रश्न विचारायचे राहूनच जातात. नमुन्याच्या पिशवीवर नीट जागा लिहिलेली नसेल, थराची वरची बाजू कुठली ते नोंदलेलं नसेल, तर कितीही दशांशस्थळांचा आकडा असो, मी त्याला रद्दी समजतो. सर्वेक्षणातला अनुभवी माणूस उघड्या खडकाकडे दहा मिनिटं बघून जे सांगतो ते कधीकधी अख्ख्या तक्त्यात नसतं.

तरीही कधी तक्त्याशिवाय दुसरा साक्षीदारच उरत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सच्या गोटेरी खडकांत झिरकॉनचे जे दाणे मिळाले त्यांतला एक ४.४ अब्ज वर्षांचा आहे. ज्या खडकात तो वाढला तो खडक कधीच झिजून नाहीसा झाला. ना थर, ना घडी, ना जीवाश्म. केसाच्या जाडीएवढ्या जागेवर आयनांचा झोत मारून निघालेले युरेनियम-शिशाचे आणि ऑक्सिजनचे आकडे, बस्स. त्या काळच्या इतर दाण्यांतलाही ऑक्सिजन जरा जडच आहे, ज्यावरून बहुतेक अभ्यासक मानतात की पृथ्वीवर तेव्हाच द्रवरूप पाणी होतं. आम्लाला दाद न देणारा तो हाच झिरकॉन. आमच्या डोक्याचा ताप आणि पृथ्वीची सगळ्यात जुनी वही.

शेवटी आर्सेनिक, कारण हा विषय फक्त अब्जावधी वर्षांचा आहे असं कुणाला वाटू नये. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात, बांगलादेशात आणि पश्चिम बंगालात, तळ्या-ओढ्यांच्या पाण्यानं होणारे रोग टाळायला १९७० च्या दशकापासून कूपनलिका मोठ्या प्रमाणावर खोदल्या गेल्या. अतिसार टाळण्याच्या दृष्टीनं योग्यच. पण त्या पाण्यात आर्सेनिक आहे का, हे सुरुवातीला कुणी शोधलंच नाही. तिथे कुठला कारखाना नव्हता, खाण नव्हती. हिमालयातून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा गंजासारखा लेप असतो आणि आर्सेनिक त्या लेपाला चिकटून येतं. प्रमाण अगदी साधारण, कुठल्याही गाळात असावं तितपत. गाळाबरोबर गाडला गेलेला पालापाचोळा जिवाणू खातात, त्यात ऑक्सिजन संपतो, मग नायट्रेट, मग मँगनीज, मग पाळी लोहाची. लेप विरघळतो आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. अनेक कूपनलिकांत ते त्याच्या कितीतरी पट निघालं, कोट्यवधी लोक ते वर्षानुवर्षं पीत होते.

चक्रावून टाकणारी गोष्ट ही की पन्नास पावलांवरची दुसरी कूपनलिका स्वच्छ असू शकते. याचं उत्तर एकट्या रसायनात नाही. जुनी नदी कुठून वाहत होती, हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हा कुठला भाग उघडा पडून गंजला, चिकणमातीचा पडदा किती खोलीवर आहे, उपशानं पाणी कुठून कुठे ओढलं जातंय, हे सगळं स्तरविज्ञान, भूरूपविज्ञान आणि भूजलविज्ञान मिळूनच सांगतात. आणि कूपनलिका खोदणारे स्थानिक मिस्त्री त्यातलं बरंच डोळ्यांनी ओळखत होते. पाणी कुठे लोहाळ लागेल ते ते वर येणाऱ्या वाळूच्या रंगावरून सांगत. राखाडी-काळी वाळू म्हणजे लेप विरघळलेला, तांबूस-तपकिरी म्हणजे लेप शाबूत. संशोधकांनी बांगलादेशात हे पडताळून पाहिलं तेव्हा तांबूस वाळूतल्या पाण्यात आर्सेनिक बहुधा कमीच निघालं, आणि वाळूचा रंग हे नव्या कूपनलिकेची खोली ठरवायचं एक स्वस्त साधन ठरलं. फक्त काही ठिकाणी त्या पाण्यात मँगनीज जास्त असू शकतं, आणि ते रंगावरून कळत नाही. त्यासाठी बाटली भरून, तिच्यावर जागा आणि खोली नीट लिहून, ती प्रयोगशाळेतच पाठवावी लागते. सोबत एक कोरा नमुना.